कॉलेजात नॉइज फिगर मीटर नसताना एलएनए कसा तपासायचा?

तुम्ही लिहिलंय की फायनल इयरला 1420 मेगाहर्ट्झचा, म्हणजे हायड्रोजन रेषेचा एलएनए (क्षीण सिग्नल कमीत कमी नॉइज घालून वाढवणारं सर्किट) केलाय, सिम्युलेशनमध्ये नॉइज फिगर, म्हणजे तो स्वतः किती नॉइज घालतो तो आकडा, 0.5 डीबी येते आणि कॉलेजात मीटर नाही. नॉइज फिगरचं बघू नंतर. आधी सांगा, तो ऑसिलेट होत नाहीये, म्हणजे इनपुट नसताना स्वतःच सिग्नल काढत नाहीये, हे कशावरून?

विचारतेय, कारण 2009 साली पुण्यात आमचा झाला होता. एटीएफ-54143 ट्रान्झिस्टर, एफआर-4 चा (नेहमीचा फायबरग्लासचा) 1.6 मिमी बोर्ड, 3 व्होल्ट, 60 मिलिअँपिअर. गेन 17 डीबी यायला हवा होता, आला 11, तोही हलत होता. रात्री एक सोल्डर भिंगातून बघायला वाकले, बोट बोर्डाच्या जवळ गेलं आणि करंट 60 वरून 52 वर. बोट काढलं, परत 60. तीन-चारदा करून पाहिलं. डीसी करंटला तुमच्या बोटाशी काय देणंघेणं? असं झालं की सर्किट कुठेतरी ओरडतंय, डोळे झाकून समजा.

माझा पार्टनर म्हणाला, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला पार्ट डुप्लिकेट आहे. सरांनी मान डोलावली. दुसऱ्या दुकानातून आणला, तेच. तिसरा, तेच. लॅबचा स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर 3 गिगाहर्ट्झपर्यंतचा, त्यावर सगळं स्वच्छ. व्हायवाला एक्स्टर्नलनी ‘पार्ट सदोष’ हेच मान्य केलं आणि मार्क त्याच हिशेबाने पडले.

परीक्षेनंतर एका मैत्रिणीच्या ऑफिसात मोठा अ‍ॅनालायझर मिळाला. 6.8 गिगाहर्ट्झला भलामोठा सुळका! सिम्युलेशनमध्ये ट्रान्झिस्टरचा सोर्स पाय थेट ग्राउंडला होता. बोर्डावर प्रत्येक सोर्स पायाला ग्राउंडला नेणारं एकच भोक, तेही पायापासून पाच मिलीमीटर अंतरावर. 1.6 मिमी बोर्डातलं एक भोकच सुमारे 1 नॅनोहेन्री इंडक्टन्सचं, वर ती बारीक ट्रॅक. सोर्सला थोडं इंडक्टन्स चांगलं असतं, पण जास्त झालं की वरच्या फ्रिक्वेन्सीला हाच पार्ट उलटतो. के फॅक्टर, म्हणजे सर्किट स्थिर राहील का ते सांगणारा आकडा, मी फक्त 1 ते 2 गिगाहर्ट्झमध्ये पाहिला होता, ही चूक माझी. तुम्ही निदान 10 पर्यंत बघा. पायाला चिकटून भोकं पाडली, ड्रेनला, म्हणजे आउटपुटच्या पायाला, 10 ओहमचा रेझिस्टर घातला आणि सुळका गेला. रेझिस्टर आउटपुटलाच घालायचा. इनपुटला घातलात तर त्याचा नॉइज थेट तुमच्या माथी.

तिथेच नॉइज सोर्स (ठरावीक नॉइज देणारं उपकरण) लावून नॉइज फिगर मोजली, 0.9 डीबी. तुमचेही 0.5 येणार नाहीत. सिम्युलेशनमध्ये आयडियल, म्हणजे काहीच लॉस नसलेल्या, कॉइल टाकल्या असतील. इनपुट कॉइलचा आणि कनेक्टरचा प्रत्येक दशांश डीबी लॉस नॉइज फिगरमध्ये जसाच्या तसा वाढतो.

आता मीटरशिवाय नॉइज फिगर कशी मोजायची ते. हॉर्न अँटेना लावा, आधी आकाशाकडे, मग जमिनीकडे, आणि पॉवरमधला फरक मोजा. जमीन साधारण 300 केल्विन, मोकळं आकाश त्यामानाने फारच थंड. 1 डीबी नॉइज फिगरचा एलएनए म्हणजे त्याचा स्वतःचा नॉइज 75 केल्विनइतका, तेव्हा 6 डीबीच्या आसपास फरक दिसला तर तुम्ही जिंकलात. 3 डीबी दिसला तर घरी जाऊन बोट लावून बघा.

हो, शेजारी मोबाईल टॉवर असेल तर हे गच्चीवर करू नका, एलएनए सॅच्युरेट होऊन आकडे काहीही येतील. आणि हॉर्नच्या बाजूने गळती असेल तर आकाश तेवढं थंड दिसणार नाही. एटीएफ-54143 आता नव्याने बनत नाही, तुमचा पार्ट वेगळाच असेल, त्याची डेटाशीट बघा. पण पार्ट डुप्लिकेट म्हणण्याआधी सोर्सची भोकं मोजा. माझा पार्टनर अजूनही प्रत्येक गेट-टुगेदरला त्या लॅमिंग्टन रोडच्या दुकानदाराला शिव्या घालतो. लेआऊट त्यानेच काढला होता.