भाचा दहावीत आहे, उंची सहा फूट एक इंच. शाळेतून व्यावसायिक बास्केटबॉलपर्यंत पोहोचता येते का?

आपण लिहिले आहे की आपला भाचा बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील मराठी शाळेत दहावीला आहे, तालुका स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याने एकट्याने ३८ गुण केले, क्रीडाशिक्षक त्याला ‘रिंगखालून हलू नकोस’ असे बजावतात आणि एसएसएलसीनंतर, म्हणजे कर्नाटकातील दहावीच्या परीक्षेनंतर, त्याला कोठे पाठवावे हे घरच्यांना कळत नाही. खरे सांगायचे तर ते रिंगखालून न हलण्याचे वाक्य वाचले नसते, तर मी हे उत्तर लिहायला बसलो नसतो.

१९९५ साली मी नववीत होतो आणि माझी उंची नेमकी आपल्या भाच्याएवढीच होती. बेळगावातील आमच्या शाळेचे कोर्ट तांबड्या मातीचे होते, रेघा फक्कीने मारलेल्या असत आणि रिंगला जाळी नसे, त्यामुळे बॉल आत पडला की बाहेरून गेला यावरून दर सामन्यात एकदा तरी भांडण होई. सरांची योजना अगदी साधी होती: मी रिंगखाली हात वर करून उभे राहायचे, बाकीच्या चौघांनी बॉल माझ्याकडे उंच फेकायचा, मी दोन्ही हातांनी तो पकडून वळायचे आणि फळीवर टेकवून आत सोडायचा. तालुक्यात माझ्या मनगटापर्यंत पोहोचणारा मुलगा नव्हता. आम्ही तालुका जिंकला, जिल्हा जिंकला, विभागीय स्पर्धेतही उपांत्य फेरीपर्यंत गेलो, आणि स्थानिक वर्तमानपत्रात आलेल्या बातमीचे कात्रण आमच्या आईने देवघराच्या कपाटात ठेवले.

त्या दोन वर्षांत मी सलग दोनदा बॉल आपटला की सरांची शिट्टी वाजत असे. ‘अरे, तू कशाला बॉल आपटूलास? हात वर करून थांब की,’ हे त्यांचे वाक्य आजही माझ्या कानात आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बेळगावचा पाऊस कोर्टाचा चिखल करी, तेव्हा बुटकी मुले व्हरांड्यात रांगेने उजव्या-डाव्या हाताने ड्रिबल करीत (बॉल आपटत पुढे नेत) आणि मी पायरीवर बसून त्यांच्या फेऱ्या मोजत असे. तुला ते कशाला हवे, तुझी उंची आहे ना, असे सर म्हणत, आणि मलाही ते कौतुक वाटे.

१९९६ मध्ये राज्याच्या निवड चाचणीसाठी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने मी बेंगळुरूला गेलो; सोबत काका होते. तेथे सिमेंटच्या कोर्टावर उतरलो तेव्हा माझ्या डाव्या-उजव्या बाजूला सहा फूट चार आणि सहा फूट पाच इंचांची मुले उभी होती. आयुष्यात प्रथमच मी मध्यम उंचीचा ठरलो. साहजिकच मला रिंगपासून दूर, उजव्या कडेला उभे केले. बॉल हातात आला, समोरच्या मुलाने शांतपणे माझी उजवी बाजू अडवली आणि बाहेरून प्रशिक्षक ओरडले, ‘एडगडे! एडगडे!’ शहापूरच्या बाजारात वाढलेल्या मुलाला एडगडे म्हणजे डावीकडे हे कळायला दुभाषा लागत नाही. मी डावा पाय टाकला, बॉल डाव्या हातात घेतला आणि तो माझ्याच बुटाच्या टोकावर आपटून रेषेबाहेर गेला. हे तीनदा झाले. तिसऱ्या वेळी प्रशिक्षक ओरडलेही नाहीत; त्यांनी हातातल्या कागदावर काहीतरी लिहिले आणि पुढच्या मुलाला बोलावले.

परतीच्या गाडीत काकांनी निकाल लावून टाकला: ‘मराठी पोरगं म्हणून कापलं बघ.’ दुसऱ्या दिवशी गल्लीत तेच, शाळेत तेच, आणि सरही तेच म्हणाले. मी गप्प बसलो, कारण ते मला सोयीचे होते. माझ्या बुटावर आपटलेला बॉल काकांनी बाकावर बसून तीनदा पाहिला होता, तरी आज ऐंशीच्या घरात असलेले काका दिवाळीला जमलेल्या पाहुण्यांना तीच गोष्ट सांगतात आणि मी दर वेळी ती खोडून काढतो. मला मराठी म्हणून वगळले नाही, डावा हात नव्हता म्हणून वगळले. सीमाभागात आपल्यावर अन्याय होत नाही असे मी मुळीच म्हणत नाही; कानडीतील अर्ज आणि दाखल्यांसाठी मारलेल्या फेऱ्या मीही भोगलेल्या आहेत. परंतु प्रत्येक पराभव त्याच खुंटीला टांगायची सवय पोराला लागली, की तो सराव करायचे सोडून देतो. मी सोडला.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. शाळेतून थेट मोठ्या लीगमध्ये जाण्याच्या ज्या कथा आपल्या भाच्याने मोबाइलवर पाहिल्या असतील, त्यांतील वाट बंद होऊन बराच काळ लोटला. केविन गार्नेट १९९५ मध्ये, कोबी ब्रायंट मी बेंगळुरूहून हात हलवत परतलो त्याच १९९६ मध्ये आणि लेब्रॉन जेम्स २००३ मध्ये शाळेतून एनबीए या अमेरिकेतील सर्वांत मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये गेले. २००६ च्या ड्राफ्टपासून, म्हणजे संघ दर वर्षी नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेपासून, मात्र खेळाडूला त्या वर्षात १९ वर्षे पूर्ण झालेली असावीत आणि अमेरिकी मुलाची शाळा सुटून एक वर्ष उलटलेले असावे, असा नियम आला. या नावांत माझ्या मुद्द्याचे काय असेल तर ते हे की गार्नेट सहा फूट अकरा इंचांचा असूनही रिंगपासून दूर उभा राहून खेळू शकत असे आणि लेब्रॉन सहा फूट आठ इंचांचा असून शाळेपासून स्वतः बॉल पुढे आणतो. त्यांना कोणी हात वर करून उभे केले नव्हते.

आपल्याकडचे उदाहरण म्हणजे पंजाबातील बल्लो के गावचा सतनाम सिंग. लुधियानाच्या अकादमीतून तो २०१० मध्ये वयाच्या चौदाव्या वर्षी शिष्यवृत्तीवर फ्लोरिडाला गेला आणि २०१५ च्या ड्राफ्टमध्ये एनबीएच्या डॅलस मॅव्हेरिक्स संघाने त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडले. सात फूट दोन इंच उंची, पाच वर्षे अमेरिकेतील प्रशिक्षण, आणि तरीही एनबीएच्या मुख्य हंगामातील एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. प्रिन्सपाल सिंग हा एनबीएने २०१७ मध्ये दिल्लीजवळ सुरू केलेल्या अकादमीतून पुढे आला, २०२० मध्ये जी लीग या एनबीएच्या दुय्यम लीगमधील इग्नाइट संघात गेला आणि २०२१ ची समर लीग, म्हणजे मुख्य हंगामाआधीची एनबीएची उन्हाळी स्पर्धा, जिंकणाऱ्या सॅक्रामेंटो किंग्जच्या संघात होता. अमृतपाल सिंग कबड्डी सोडून उशिरा बास्केटबॉलकडे वळला आणि २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातील सिडनी किंग्ज संघाकडून करारबद्ध झाला. हे तिघेही साडेसहा फुटांहून बरेच उंच आहेत. त्यामुळे आपल्या भाच्याने पाहायचे तर वाराणसीच्या विशेष भृगुवंशीकडे पाहावे: भारताचे कर्णधारपद भूषवलेला, रिंगपासून दूर बॉल हाताळणारा गार्ड, आणि तोसुद्धा सव्वासहा फुटांहून उंच. सहा फूट एक इंच ही खानापुरात रिंगखालची उंची असेल, व्यावसायिक खेळात ती बुटक्या गार्डची आहे. म्हणजे ज्या जागेवर आपला भाचा पुढे खेळू शकेल, त्या जागेचे काम त्याला आज कोणी शिकवतच नाही.

भारतात व्यावसायिक म्हणजे बहुतेक वेळा नोकरी, हेही घरच्यांना सांगावे. लीग येतात आणि जातात. यूबीए ही बास्केटबॉल लीग २०१५ मध्ये सुरू झाली आणि २०१७ नंतर थांबली. टिकून राहिलेले संघ रेल्वे, सेनादल, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक अशा खात्यांचे आहेत, आणि तेथे क्रीडा कोट्यासाठी तालुक्याचा कप कोणी विचारत नाही, राज्याकडून राष्ट्रीय स्पर्धा खेळल्याचे प्रमाणपत्र विचारतात. त्यासाठी शाळेची तालुका, जिल्हा, विभाग, राज्य ही शिडी आहेच, पण राज्य संघटनेच्या १६ आणि १८ वर्षांखालील संघांच्या चाचण्या वेगळ्या असतात आणि त्यांची वार्ता आपल्या गावांपर्यंत उशिरा पोहोचते. पीयूसीसाठी (अकरावी-बारावीसाठी) बेंगळुरूला क्रीडा वसतिगृह मिळाले तर अवश्य पाठवावे. न मिळाल्यास चांगले कोर्ट असलेले कॉलेज पाहावे, मग ते हुबळी-धारवाडचे असो की कोल्हापूरचे. मात्र कोल्हापूरला गेला तर पुढच्या चाचण्या महाराष्ट्राच्या होतील, हे आधी ठरवून घ्यावे.

सहा-सात वर्षांपूर्वी एका लग्नात सर भेटले. निवृत्त झाले होते, पंगतीला माझ्या शेजारीच बसले. मी विषय काढला तेव्हा ते म्हणाले, ‘कप आले की नाही?’ मी म्हटले, कप शाळेच्या कपाटात आहेत, मी उद्यमबागेत लेथवर आहे. ते हसले नाहीत. थोड्या वेळाने एवढेच म्हणाले, ‘बावीस पोरं आणि एकच बॉल होता रे.’ तेही खरेच होते. शिवाय ते समाजशास्त्र आणि हिंदी शिकवून उरलेल्या वेळात आम्हाला खेळवत, आणि कप आला नसता तर दुसरा बॉलही आला नसता. तेव्हा आपल्या भाच्याच्या सरांना दोष देण्यापूर्वी त्यांच्याकडे किती बॉल आहेत ते पाहावे. माझे मत मात्र बदललेले नाही.

सात नंबरचा रबरी बॉल स्वतः विकत घ्या. सरांना विनंती करा की तालुक्याच्या सोप्या सामन्यांत तरी निम्मा वेळ बॉल पुढे आणण्याचे काम याला द्यावे. येत्या पावसाळ्यात कोर्ट बंद झाले की रोज अर्धा तास घराच्या सोप्यात फक्त डाव्या हाताने ड्रिबल करायला लावा, नजर समोरच्या भिंतीवरील कॅलेंडरवर ठेवून. दुपारी झोपणाऱ्या आजोबांना आवाजाचा त्रास होईल, तेव्हा वेळ तेवढी सकाळची ठेवा.