सिझेरियनची संमती कोणाची?

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीला नववा महिना लागला असून बाळ आडवे असल्यामुळे डॉक्टरांनी सिझेरियन सुचवले आहे. पतीच्या परवानगीवाचून शस्त्रक्रिया शरियतला मान्य नाही, म्हणून मेहुणे परदेशातून येईपर्यंत थांबावे, असे तिच्या सासूबाई म्हणतात. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर पुरुष आहेत, हाही त्यांचा आक्षेप आहे. आम्ही काय करावे?

उत्तर : पतीशी सल्लामसलत जरूर करावी, ती फोनवरूनही होते, परंतु सल्लामसलत आणि परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्या घरांत त्यांचीच गल्लत होते. सज्ञान व शुद्धीवर असलेल्या रुग्णाची, मग ती स्त्री असो वा पुरुष, स्वतःची संमती शस्त्रक्रियेसाठी आवश्यक आहे, असा निर्णय सौदी अरेबियातील ज्येष्ठ उलेमांच्या (धर्मपंडितांच्या) मंडळाने १९८४ साली दिला. हे मंडळ काही उदारमतवादासाठी प्रसिद्ध नाही, म्हणून मुद्दाम त्याचा उल्लेख केला. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह (धर्मशास्त्रीय कायदा) अकादमीनेही १९९२ साली जेद्दा येथे रुग्णाच्या संमतीचाच आग्रह धरला आणि जिवाला धोका असेल तेव्हा उपचार संमतीसाठी अडवून ठेवू नयेत, असे सांगितले. तेव्हा सही तुमच्या बहिणीची.

थांबण्याविषयी मात्र सासूबाईंना वैद्यकीय बाजू नीट समजावून सांगा. बाळ आडवे असताना पाणी गेले तर नाळ आधी खाली सरकू शकते, आणि कळा सुरू राहिल्या तर गर्भाशय फाटण्याचा धोका असतो. विमानाच्या तिकिटावर या गोष्टी थांबत नाहीत. बाळ पोटावरून हाताने फिरवून डोक्यावर आणता येईल का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. स्वतःला आपल्या हातांनी विनाशात लोटू नका, हा कुराणातील आदेश (२:१९५) येथे आठवावा.

पुरुष डॉक्टरांविषयीची सासूबाईंची शंका निराधार नाही. याच अकादमीने १९९३ साली क्रम घालून दिला : आधी मुस्लिम स्त्रीतज्ज्ञ, ती नसल्यास विश्वासू बिगरमुस्लिम स्त्री, मग मुस्लिम पुरुष आणि शेवटी बिगरमुस्लिम पुरुष. पुरुष डॉक्टरांनी गरजेपुरतेच पाहावे आणि सोबत पती, महरम (ज्याच्याशी विवाह निषिद्ध आहे असा जवळचा नातलग) किंवा विश्वासू स्त्री असावी. स्त्री शल्यविशारद वेळेत मिळत असेल तर तिच्याकडे जावे, नसेल तर अडून बसू नये. हनफी पंथाच्या फकीहांनी (धर्मशास्त्रज्ञांनी) तर मृत मातेच्या पोटातील जिवंत बाळ वाचवण्यासाठी तिचे पोट चिरण्यासही फार पूर्वीच मुभा दिली होती.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगतो. सिझेरियनच्या वेळीच नसबंदी करावी का, असे अनेकदा विचारले जाते. कायमची नसबंदी याच अकादमीच्या १९८८ च्या ठरावानुसार शरई निकषांवर ठरलेल्या गरजेखेरीज वर्ज्य आहे, आणि मुलांमध्ये तात्पुरते अंतर ठेवण्याचा निर्णय पती-पत्नींनी परस्परसंमतीने घ्यावयाचा आहे. मेहुण्यांचे मत तेथे खरोखर महत्त्वाचे आहे. नसबंदीच्या संमतीच्या कागदावर बहिणीने कळा चालू असताना घाईने सही करू नये.