क्लेम, आर्ग्यू, कंटेंड, कंपीट यांत नेमका फरक काय?
सगळ्यात जास्त घोळ क्लेम आणि आर्ग्यूचा होतो. क्लेम म्हणजे नुसतं म्हणणं, पुरावा असेलच असं नाही, म्हणून बातमीत 'ही क्लेम्स दॅट' दिसलं की समजायचं, लिहिणारा हमी घेत नाहीये. 'आर्ग्यू दॅट' म्हटलं की कारणं द्यावी लागतात, आणि 'आर्ग्यू विथ' झालं की सरळ भांडणच. कंटेंड मात्र भारी प्रकरण आहे, पुढच्या शब्दावर सगळं अवलंबून, 'कंटेंड दॅट' म्हणजे ठामपणे मांडणं (कोर्टातल्या भाषेत खूप), 'कंटेंड फॉर' म्हणजे पदासाठी, बक्षिसासाठी झुंजणं आणि 'कंटेंड विथ' म्हणजे अडचणींना तोंड देणं, तिथे वादबिद काही नसतो. कंपीट म्हणजे स्पर्धा करणं, साधा, रोजचा शब्द. त्याच अर्थाचा व्हाय (vie) पेपरवाल्यांचा लाडका, त्याचं रूप व्हाइंग (vying), स्पेलिंग डाइंगसारखं (dying) वाय घेऊन.