परसबाग: तुमचे प्रश्न

वडगावहून एक ताई विचारतात: गच्चीवर पेंटच्या रिकाम्या डब्यांत टोमॅटो लावलेत. फळं चांगली धरली, पण प्रत्येकाचं बूड काळं पडतंय. कुणीतरी कॅल्शियम कमी आहे म्हणालं म्हणून अंड्याची टरफलं घातली, फरक नाही. आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं.

ताई, शेवटच्या वाक्यात तुम्हीच उत्तर दिलंय की ओ. हा रोग नाही, त्यामुळं फवारा मारून जाणार नाही. कॅल्शियम मातीत बहुतेक वेळा असतंच, पण ते फळापर्यंत पाण्याबरोबर जातं आणि नळ आला की डबा तुडुंब, मग तीन दिवस ठणठणीत कोरडा असं चाललं की फळाच्या टोकाला ते पोचतच नाही. टरफलं कुजायला महिने लागतात, या पिकाला त्याचा उपयोग नाही. नळ येईल तेव्हा बॅरल भरून ठेवा आणि रोज सकाळी थोडं थोडं घाला, आधी बोट दोन पेरं मातीत घालून बघा, ओल लागली तर त्या दिवशी राहू द्या. वरून उसाचं पाचट दोन इंच अंथरा, आपल्याकडं त्याला काय तोटा! युरिया घालत असाल तर बंद करा, नुसता पाला माजतो आणि हा त्रास वाढतो. डबा 20 लिटरचा असेल तर एका झाडाला पुरे, 10 लिटरचा असेल तर उन्हाळ्यात दुपारीच झाड मान टाकतं. बूड काळी पडलेली फळं तोडून टाका म्हणजे झाडाचा जोर बाकीच्यांना मिळेल. काळा भाग कापून उरलेला टोमॅटो आमटीत खुशाल घाला.

खानापूर तालुक्यातले एक काका: परसात लाल माती आहे. पावसाळ्यात काहीही लावलं तरी मुळं कुजतात.

काका, सपाट जमिनीवर लावूच नका, गादी वाफा करा. चार फूट रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो, वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही. उंची फूटभर. कडेला चिरे लावा, पण सिमेंटनं सांधू नका, फटीतून पाणी निघू दे. लाल माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि गिरणीतला भाताचा तूस मिसळून भरा. जास्त पावसाची लाल माती आंबट असते, मूठ-मूठ चुलीची राख टाकली तर बरं, पण ढीग नको. जून ते सप्टेंबर भेंडी लावा, दोडका, काकडी मांडवावर चढवा. मेथी-कोथिंबीर मात्र पाऊस ओसरल्यावरच, उगाच बी वाया घालवू नका.

निपाणीहून: शेतातली काळी माती कुंडीत चालेल का?

नुसती नको. वाळली की आकसते, कुंडीच्या कडेनं फट पडते आणि वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं, मुळं कोरडीच. तिसरा हिस्सा काळी माती, तिसरा शेणखत किंवा गांडूळ खत, बाकी कोकोपीट नाहीतर तूस, असं करा. आणि तुमच्या भागात हे सांगायलाच पाहिजे, तंबाखू मळलेल्या हातानं टोमॅटो-मिरचीच्या रोपाला हात लावू नका. मोझॅकचा व्हायरस तंबाखूतून रोपाला लागतो, पानं चट्टेरी होतात आणि त्यावर औषध नाही. आधी साबणानं हात धुवा, मग रोपं लावा.