गल्लीत ड्रेनेजचं खोदकाम चालू आहे. ‘रस्ता बंद’चा बोर्ड लावूनही गाड्या आत घुसतात. काय करू? आणि रस्ता बंद करायला परवानगी लागते का?

तुम्ही लिहिलंय की बोर्ड चराच्या दहा फूट अलीकडे, बॅरिकेडलाच तारेनं बांधलाय. घोळ तिथेच आहे. तिथवर आलेल्या माणसाला परत फिरायचं तर अख्खी गल्ली रिव्हर्समध्ये काढावी लागते. त्यापेक्षा तो बॅरिकेड सरकवून बघणारच. मीही बघितलं असतं.

बारा वर्षं अशाच साइटवर सुपरवायझर आहे. पहिल्या कामावर मीही बोर्ड असाच लावला होता. सकाळी सातला दुधाचा टेम्पो आत आला, त्याच्यामागे शाळेची व्हॅन, व्हॅनमागे दोन रिक्षा. पुढे चर, मागे रांग. मुकादमानं शेवटच्या रिक्षेपासून एकेक गाडी हातवारे करत मागे काढली. व्हॅनमधली पोरं खिडकीतून मजा बघत होती आणि दूधवाला माझ्या नावानं शंख करत होता. दुसऱ्या दिवशी बोर्ड उचलून चौकात नेला, जिथून दुसरा रस्ता फुटतो तिथे. त्यावर लिहिलं, ‘पुढे १५० मीटरवर रस्ता बंद. दवाखान्यापर्यंत गाडी जाते.’ ही दुसरी ओळ विसरू नका. नुसतं ‘रस्ता बंद’ असेल आणि दवाखान्याच्या गाड्या आरामात आत जाताना दिसल्या, तर बाकीचेही त्यांच्या मागून जातात. बोर्ड एकदा खोटा ठरला की त्याच्याकडे कुणी बघत नाही.

परवानगीचं विचारलंत. ‘काम चालू’चा त्रिकोणी फलक फक्त सावध करतो. लाल गोलात पांढरी आडवी पट्टी, म्हणजे आपली नो एन्ट्री, हा हुकूम असतो आणि तो सोडायचा अधिकार ठेकेदाराला नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ नुसार वाहनांना बंदी राज्य सरकार किंवा त्यानं अधिकार दिलेला अधिकारी घालतो, कलम ११६ फलक उभारण्याबद्दल आहे. मोठ्या शहरात वाहतूक शाखेचे डीसीपी, म्हणजे पोलीस उपायुक्त, असे आदेश काढतात. बंदी महिन्याभराच्या आतली असेल तर राजपत्रात छापावी लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. म्हणून अर्जात तारखा नेमक्या लिहा, सोबत पर्यायी रस्त्याचा हातानं काढलेला का होईना, नकाशा जोडा.

आणि रस्ता चोवीस तास बंदच हवा का, हे आधी स्वतःला विचारा. २०२२ च्या एप्रिल-मे महिन्यात चिपळूणजवळचा परशुराम घाट चौपदरीकरणासाठी रोज दुपारी १२ ते ५ एवढाच बंद ठेवला होता. तुमचं जेसीबी दहा ते पाच चालत असेल आणि रात्री चरावर जाड लोखंडी प्लेट टाकता येत असेल, तर बोर्डवर वेळ टाका. लोक वेळ पाळतात, निदान बंदीपेक्षा जास्त पाळतात.

फ्लेक्स मात्र नको. रात्री हेडलाइटमध्ये तो काळा दिसतो. रेडियमचा पत्राच घ्या. इंडियन रोड्स काँग्रेसचं एसपी ५५ हे पुस्तक कामाच्या ठिकाणच्या वाहतुकीवरच आहे, ऑफिसात असेल तर त्यातली चित्रं बघा.

दुचाकीवाल्यांना बोर्डनं अडवायच्या भानगडीत पडू नका. हँडल जाईल एवढी फट दिसली की ते जाणार. पाणी भरलेले प्लास्टिकचे बॅरिअर एकमेकांना चिकटवून लावा आणि पायी जाणाऱ्यांची वाट एक वळण देऊन ठेवा. आपला डंपर आत शिरतो तेव्हा मात्र तिथे माणूस लागतोच, कारण डंपरच्या मागे लागून हमखास एखादी कार आत येते. ड्रायव्हरला वाटतं रस्ता सुरू झाला.

चर बुजवून रस्ता मोकळा केलात आणि बोर्ड न्यायला टेम्पो उद्या येणार असेल, तर तोवर त्याच्यावर गोणी चढवा. आम्ही सिमेंटच्या रिकाम्या गोण्या वापरतो. खालून सुतळी आवळली की वाऱ्यानं उडत नाहीत.