वाचकांचे प्रश्न : पलटण सुटली, बिऱ्हाड नव्या शहरात

फौजेतून निवृत्त होऊन मूळ गावाऐवजी दुसऱ्या शहरात राहायला जाणाऱ्या वाचकांची पत्रे बरीच आली आहेत. नोकरीत असताना बदलीचे कागद युनिटचा क्लार्क फिरवतो. पेन्शनीत ते काम स्वतःच्या अंगावर येते, आणि क्रम चुकला की प्रत्येक टेबलावर मागच्या टेबलाचा कागद मागतात. पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : मी तोफखान्यात हवालदार आहे. अंबाल्याहून निवृत्त होतोय. गाव खटाव तालुक्यात, पण मुलांच्या शिक्षणासाठी पुण्यात राहायचे आहे. ग्रॅच्युइटी मिळाली की लगेच फ्लॅट घ्यावा का? सामान आणण्याचा भत्ता किती मिळतो?

फ्लॅट पहिल्या वर्षी घेऊ नका. लष्करी शेजार आणि कँटीन (सैनिकांसाठीचे सवलतीच्या मालाचे दुकान) जवळ म्हणून धानोरी-विश्रांतवाडीला घर घ्यायचे आणि दुसरी नोकरी लागायची चाकणला किंवा तळेगावला, असे हमखास होते. नोकरी कुठे लागते, मुलांना शाळा-कॉलेज कुठे मिळते, हे ठरेपर्यंत भाड्याने राहा. हिशेबाचीही बाजू आहे. पेन्शनचा ५० टक्क्यांपर्यंत भाग विकता येतो, म्हणजे त्याबदली एकरकमी पैसे मिळतात आणि दरमहा तेवढी पेन्शन कापली जाते, पण तो भाग पूर्ववत व्हायला १५ वर्षे लागतात. एकीकडे ही कपात आणि दुसरीकडे गृहकर्जाचा हप्ता असे झाले, तर महिन्याच्या शेवटी हातात काय उरते ते आधी कागदावर मांडून बघा.

भाड्याचा करार मात्र पक्का हवा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार कितीही महिन्यांचा असो, त्याची नोंदणी १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने सक्तीची आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. ‘नोटरी करून देतो, चालेल’ असे कोणी म्हणाले तर नाही म्हणा. मुद्रांक शुल्क अगदी थोडे आहे. एकूण भाडे आणि परत मिळणाऱ्या अनामतीवरचे १० टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर ते ०.२५ टक्के लागते. महिना १८,००० भाडे, ५०,००० अनामत आणि ११ महिने धरले तर ते ५०० रुपयांच्या आसपास जाते. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. वर एजंटचे पैसे काय ठरतील ते.

करारात पत्नीचेही नाव घालून घ्या. हे सहसा राहून जाते, आणि मग तुमच्या आधारचा पत्ता बदलतो, तिचा अडकतो. नोंदणीकृत करारावर दोघांचे आधार बदलले की बँक, गॅस, शाळा, पॉलिक्लिनिक (माजी सैनिकांचा दवाखाना) ही सगळी कामे त्याच पत्त्यावर सरकतात. म्हणून नव्या शहरातला पहिला कागद हाच.

आता सामान. निवृत्तीच्या वेळी स्थायिक होण्यासाठी दूर जाणाऱ्याला कॉम्पोझिट ट्रान्सफर ग्रँट मिळते, शेवटच्या महिन्याच्या मूळ वेतनाच्या ८० टक्के. मिलिटरी सर्व्हिस पे (फौजींना मूळ वेतनाशिवाय मिळणारी रक्कम) यात धरत नाहीत. मूळ वेतन ४०,४०० असेल तर ३२,३२० रुपये झाले. सामानाचे पैसे वेगळे मिळतात. सातव्या वेतन आयोगाचे मूळ दर असे आहेत : लेव्हल ५ म्हणजे हवालदाराला ३,००० किलोपर्यंत, रस्त्याने किलोमीटरला २५ रुपये. नायक आणि त्याखाली १,५०० किलो आणि १५ रुपये. नायब सुभेदारापासून वर ६,००० किलो आणि ५० रुपये. महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की हे रस्त्याचे दर २५ टक्क्यांनी वाढवण्याची तरतूद आहे, त्यामुळे बिल भरताना चालू दर क्लार्ककडून लिहून घ्या. अंबाला ते पुणे साधारण १,६५० किलोमीटर धरले, तर मूळ दराने हवालदाराची कमाल मर्यादा ४१,२५० रुपये होते. पण मिळते ते प्रत्यक्ष खर्च आणि मर्यादा यांत जे कमी असेल ते.

दावा अडतो तो कागदांवर. ट्रान्सपोर्टवाल्याकडून जीएसटी क्रमांक असलेले बिल, बिल्टी (माल ट्रकने पाठवल्याची पावती) आणि वजनकाट्याची पावती घ्या. पैसे बँकेतून द्या. नुसती बिले बनवून देणारे छावणीच्या दाराशीच भेटतात. अशा बिलावरचा गाडी नंबर तपासला की तो ट्रकचा नसून दुचाकीचा निघाल्याची उदाहरणे आहेत, आणि तिथे पैशांबरोबर अब्रूही जाते. प्रवास निवृत्तीपासून एका वर्षाच्या आत झाला पाहिजे.

पॅकर्स ठरवताना फोनवरचा दर धरू नका. स्वस्त दर सांगून गाडी भरायची आणि वाटेत ‘सामान जास्त निघाले’ म्हणून गाडी अडवून ठेवायची, हा या धंद्यातला जुना डाव आहे. नगांची यादी दोन प्रतींत करा, दोन्हींवर त्यांच्या माणसाची सही घ्या. काळ्या ट्रंकांवर नंबर, रँक, नाव पांढऱ्या रंगात असतेच. त्याखाली ‘१/१४, २/१४’ असा नगाचा आकडा मोठा घाला, उतरवताना मोजणी पाच मिनिटांत होते. डिस्चार्ज बुक (सेवेची नोंदवही), पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), ईसीएचएसची म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची कार्डे, पदके, मुलांचे दाखले आणि दागिने ट्रकमध्ये चढवायचेच नाहीत. ती पिशवी तुमच्याबरोबर रेल्वेत.

प्रश्न : माझी नोंद साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आहे. आता आम्ही नाशिकला राहतो. नोंद बदलणे गरजेचे आहे का? मुलगी यंदा बारावीला आहे, इंजिनिअरिंगला जायचे म्हणते.

नाशिकला कायम राहणार असाल तर बदला, आणि मुलीसाठी आत्ताच बदला. साताऱ्याच्या कार्यालयात नोंद हलवण्याचा अर्ज द्यायचा, त्यांचे पत्र घेऊन नाशिकच्या कार्यालयात नव्याने नोंदवायचे. सोबत मूळ डिस्चार्ज बुक, पीपीओ, दोघांचे आधार, नव्या पत्त्याचा पुरावा, फोटो आणि जुने ओळखपत्र. डिस्चार्ज बुकात पत्नी आणि मुलांची नावे असलेले पान नीट बघून जा. मुलीचे नाव किंवा जन्मतारीख तिच्या शाळेच्या दाखल्याशी जुळत नसेल तर माजी सैनिकाची मुलगी असल्याचे कार्यालयाचे प्रमाणपत्र तिथेच थांबते.

राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेशात संरक्षण दलातल्यांच्या मुलांसाठी ५ टक्के जागा असतात. माजी सैनिकांच्या मुलांचा गट डेफ-१, सेवेतल्यांचा डेफ-२, आणि महाराष्ट्राचे अधिवासी नसलेले पण बदलीवर इथे आलेले सेवेतले डेफ-३. तुमची मुलगी डेफ-१ मध्ये येते आणि त्यासाठी महाराष्ट्राचे अधिवास प्रमाणपत्र लागते. जन्म पठाणकोटला, शाळा जोधपूर आणि गुवाहाटीला, असे असणाऱ्यांचा अधिवास इथे अडतो, कारण तहसीलला राज्यातल्या वास्तव्याचा पुरावा हवा असतो. वडिलांचा जन्म-शाळेचा दाखला, गावचा सात-बारा किंवा घरपट्टी, डिस्चार्ज बुकातला मूळ पत्ता हे कागद जोडून अर्ज दिवाळीच्या सुमारास टाका. सीईटीच्या निकालानंतर सेतू केंद्रावर गर्दी उसळते आणि प्रवेशफेरीची मुदत कोणासाठी थांबत नाही.

बारावीला ६० टक्के असतील तर पंतप्रधान शिष्यवृत्तीचाही अर्ज करा. मुलींना महिना ३,०००, मुलांना २,५०० रुपये. अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावर, पडताळणी मात्र तुमची नोंद असलेल्या जिल्हा कार्यालयात. नोंद साताऱ्यात ठेवून नाशिकला राहिलात, तर प्रत्येक सहीला सातारा गाठावे लागेल.

प्रश्न : पंजाबात असताना कँटीनमधून घेतलेली कार आहे, नंबर पीबीचा. कोल्हापुरात कायम वापरायची तर काय करावे?

दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवायची तर तिथला नंबर घ्यावा लागतो. खरे काम पंजाब सोडण्याआधीचे आहे. तिथल्या आरटीओकडून फॉर्म २८ वर ना-हरकत घ्यायची. त्याआधी सगळी चलाने भरा, विमा आणि पीयूसी चालू ठेवा, कर्ज असेल तर बँकेचे पत्र घ्या. फॉर्मवर चासी नंबरचा पेन्सिल ठसा लागतो : नंबरावरची ग्रीस रॉकेलच्या फडक्याने पुसायची, वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासायची. एकही आकडा पुसट आला तर ठसा परत मागतात, म्हणून चार-पाच काढून ठेवा. हे सगळे मागे राहिले तर कोल्हापुरातून पंजाबच्या एजंटला फोन करत बसावे लागते.

इथे आल्यावर फॉर्म २७ वर नव्या नंबरासाठी अर्ज, गाडीची तपासणी आणि महाराष्ट्राचा कर. कर गाडीच्या वयानुसार कमी होतो. नवा आरसी हातात आला की त्याची प्रत लावून पंजाबात भरलेल्या कराचा उरलेला हिस्सा परत मागता येतो. तो मिळायला वेळ लागतो, पण सोडू नका. नव्या नंबराची नंबरप्लेट, विमा कंपनीला पत्र आणि फास्टॅगमधली दुरुस्ती एकाच आठवड्यात उरका. विम्यात जुना नंबर राहिला आणि अपघात झाला, तर दाव्यात खोट काढायला कारण मिळते.

गाडी दहा वर्षांची झाली असेल तर आमचे मत सरळ आहे : तिकडेच विका. कर, एजंट आणि हेलपाटे धरता परवडत नाही. सेवेत अजून काही महिने बाकी असलेल्यांनी भारत मालिकेचा, म्हणजे बीएच नंबर घेण्याचा विचार करावा. पूर्वी नोंदलेली गाडीही या मालिकेत बदलून मिळते. कर दर दोन वर्षांनी भरायचा असतो आणि चुकला की दिवसाला १०० रुपये दंड चढतो, एवढे लक्षात ठेवा.

प्रश्न : सासूबाईंचे डायलिसिस चालू आहे. आम्ही सोलापूरहून पुण्याला येतोय. ईसीएचएस कार्ड नवे काढावे लागेल का? अचानक रात्री काही झाले तर?

कार्ड तेच चालते. बदलायचे ते मूळ पॉलिक्लिनिक, आणि तो अर्ज ईसीएचएसच्या पोर्टलवरून नव्या पत्त्याचा पुरावा जोडून होतो. तोवर देशातल्या कुठल्याही पॉलिक्लिनिकमध्ये कार्ड दाखवून तपासून घेता येते, पण नेहमीची औषधे आणि रेफरल (रुग्णालयात पाठवण्याची चिठ्ठी) यांची घडी मूळ पॉलिक्लिनिकशीच बसते. डायलिसिसवाल्या पेशंटसाठी एक दिवसही मोकळा परवडत नाही. म्हणून निघण्याआधी सोलापूरच्या तज्ज्ञाचा ताजा कागद, आठवड्याला किती वेळा डायलिसिस, कोरडे वजन (अंगातले जादा पाणी काढल्यावरचे वजन), हिपॅटायटिस बी-सी आणि एचआयव्हीचे अलीकडचे रिपोर्ट घ्या. हे रिपोर्ट नसतील तर नवे रुग्णालय मशीनवर घेत नाही. पुण्यात पोचल्यावर पहिल्याच दिवशी पॉलिक्लिनिकमधून पॅनेलवरच्या, म्हणजे ईसीएचएसशी करार असलेल्या रुग्णालयाचे रेफरल घ्या आणि त्यावरची मुदत कॅलेंडरवर लिहा.

तातडीच्या वेळी रेफरल लागत नाही. पॅनेलवरच्या रुग्णालयात गेलात तर कार्ड दाखवा, पैसे भरू नका. पॉलिक्लिनिकला कळवण्याचे काम त्यांचे. घाबरून अनामत भरली की ती परत मिळवताना दमछाक होते. पॅनेलबाहेरच्या रुग्णालयात जावे लागले तर ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला तुम्ही कळवायचे, बिल आधी स्वतः भरायचे आणि मग दावा करायचा. त्यासाठी तातडीचे प्रमाणपत्र, डिस्चार्ज समरी आणि बाबवार बिल लागते. परतावा सरकारी ठरलेल्या दरानेच मिळतो, बिलाइतका नाही. पुण्यात घर ठरले की जवळचे पॅनेलवरचे रुग्णालय कुठले ते शोधून त्याचे नाव फ्रिजवर चिकटवा.

प्रश्न : पीपीओत पत्नीचे नाव माहेरचे आहे, आधारवर लग्नानंतरचे. काही बिघडते का?

तुम्ही आहात तोवर काही बिघडत नाही. नंतर तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळवताना सगळे बिघडते, आणि तेव्हा कागद हलवायला तुम्ही नसता. आपल्याकडे लग्नात नाव बदलण्याची रीत असल्याने मराठी घरांत हा घोळ जास्त दिसतो. सेवेत असाल तर पार्ट टू ऑर्डर (सेवेच्या नोंदीत बदल करणारा युनिटचा आदेश) करूनच बाहेर पडा. निवृत्त झाला असाल तर तुमच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज : तोफखान्याचे नाशिक रोडला, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावला, आर्मर्ड कोअरचे अहिल्यानगरला. सोबत दोन्ही नावे एकाच बाईची असल्याचे प्रतिज्ञापत्र, विवाह नोंदणीचा दाखला, आधार, पॅन. जन्मतारखेतला फरकही याच अर्जात घ्या. दुरुस्ती झाल्यावर स्पर्श या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवर तिचे नाव आधारप्रमाणे, अगदी अक्षरश: तसेच दिसते का ते बघा.

थोडक्यात

हयातीचा दाखला नव्या शहरातून देता येतो, जुन्या बँकेत जायची गरज नाही. जीवन प्रमाणमध्ये, म्हणजे ऑनलाइन हयातीच्या दाखल्यात, पेन्शन वितरण संस्था निवडताना आपली बँक निवडणे ही नेहमीची चूक आहे. स्पर्शमध्ये असाल तर ‘स्पर्श – पीसीडीए (पेन्शन्स) अलाहाबाद’ हाच पर्याय घ्या. चुकला तर दाखला ‘यशस्वी’ दिसतो आणि पेन्शन तरी थांबते.

मतदार यादीत सर्व्हिस व्होटर (सेवेतला मतदार) म्हणून नाव असेल तर निवृत्तीनंतर नव्या पत्त्यावर फॉर्म ६ भरून सामान्य मतदार व्हा.

घरपट्टी माफीची राज्याची योजना माजी सैनिकाला एकाच घरापुरती आहे. गावच्या घरावर ती घेतली असेल तर शहरातल्या फ्लॅटवर मिळत नाही. जिथे घरपट्टी जास्त, तिथे घ्या.

कँटीनचे कार्ड देशातल्या कुठल्याही युनिट कँटीनमध्ये चालते, नवे काढायचे नाही. महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली गर्दी मात्र पुण्यात अंबाल्याहून जास्त असेल.