कुत्र्याच्या दातांवर किटण चढलंय. भूल न देता स्केलिंग (किटण खरवडून काढणं) करून घेतलं तर चालेल का?

नको, त्याने दात फक्त वरून पांढरे दिसतील. खरा आजार हिरडीच्या कडेखाली असतो आणि जागं कुत्रं तिथे टोकदार अवजार फिरवू देत नाही. हिरडी दातापासून किती खोल सुटलीय ते मोजणं, एक्स-रे काढणं, गरज पडल्यास दात काढणं, यातलं काहीच भुलीशिवाय नीट होत नाही. शिवाय भूल देताना श्वासनलिकेत नळी बसवतात, त्यामुळे पाणी आणि खरवडलेली घाण फुप्फुसात जात नाही. वर्ल्ड स्मॉल अ‍ॅनिमल व्हेटरनरी असोसिएशनच्या दंतविषयक मार्गदर्शक सूचनांतही बिनभुलीच्या सफाईला विरोधच आहे. मांजरांनाही हेच लागू.

अर्थात भुलीत धोका शून्य नसतो. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी तपासण्या करून डॉक्टरांशी बोला. नुसतं वय झालंय म्हणून मात्र टाळू नका. नंतर रोज ब्रश करा, पण पेस्ट प्राण्यांचीच वापरा. माणसांच्या काही पेस्टमध्ये गोडव्यासाठी झायलिटॉल असतं, ते कुत्र्यांसाठी विष आहे.